शून्य चुकीला भिणाऱ्या बाई

पडद्यावर चूक शून्य दिसली की आमच्या बाईंचा चेहरा पडायचा. बाकी सगळ्या हॉलात अशा वेळी आनंद व्हायचा. कुणीतरी खुर्ची गर्रकन फिरवून ओरडायचं, "मॅडम, ज़ीरो आया!" बाई चष्मा कपाळावर सरकवायच्या, उठायच्या आणि दिवसभराचे जड झालेले पाय ओढत त्या टेबलापाशी जाऊन विचारायच्या, "किती बिंदू घेतले?" उत्तर बहुतेक वेळा एकच असायचं. तीन. "तीन खुंट्यांवर कोणतंही कापड ताणून बसते बाबू. चौथी ठोक, मग दिसते सुरकुती कुठं येते ते."

आमचं ऑफिस बालाघाटात काली पुतली चौकाच्या पुढे, एका सिमेंटच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होतं. गावोगावच्या पटवाऱ्यांचे जुने, कापडावर चिकटवलेले नकाशे स्कॅन होऊन आमच्याकडे यायचे. पडद्याच्या एका बाजूला तो नकाशा, दुसऱ्या बाजूला त्याच गावाचं उपग्रहातून घेतलेलं चित्र. नकाशावरच्या विहिरीवर एक क्लिक, चित्रातल्या त्याच विहिरीवर दुसरं क्लिक. अशा जोड्या दिल्या की सॉफ्टवेअर नकाशा फिरवून, लहानमोठा करून खऱ्या जमिनीवर बसवायचं आणि किती चुकलं ते आकड्यात सांगायचं. एक गाव झालं की दुसरं. संध्याकाळी लालबर्ऱ्याच्या बसमध्ये डोळे मिटले तरी मला शेतांच्या वाकड्यातिकड्या रेघाच दिसायच्या. घरी बाबा शेजाऱ्यांना सांगायचे, "पोरगा कंप्युटरवर गावं सरकवते." त्यांना वाटायचं मी फार मोठा माणूस झालो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं.

हॉलातले बाकीचे सगळे त्यांना मॅडम म्हणत. घरी मराठी बोलणारे आम्ही दोघंतिघं तेवढे बाई म्हणायचो. त्या पूर्वी एका कॉलेजात भूगोल शिकवत, दरवर्षी नव्याने नेमणूक होणाऱ्या जागेवर. एका वर्षी ती नेमणूक झालीच नाही, म्हणून त्या या कामावर आल्या. शिकवायची सवय मात्र सुटली नव्हती. कुणाला काही समजावून सांगायचं असलं की त्या नकळत भिंतीकडे वळायच्या, फळा नाही हे लक्षात आलं की हात खाली यायचा, आणि मग टेबलावर बोटाने पाण्याची रेघ काढून त्या पुढचं सांगायच्या.

सॉफ्टवेअरमध्ये एक सोय होती. नकाशा कितीही बसत नसला तरी ती लावली की तो रबरासारखा हवा तिथे ओढला जायचा आणि चूक नाहीशी व्हायची. पोरं तिला 'रबर' म्हणत. "नहीं बैठ रहा? रबर मार दे." बाईंनी रबरावर बंदी घातली होती. "चूक जात नाही रे त्यानं," त्या म्हणायच्या. "तुझ्या पडद्यावरून निघते अन् कोणाच्या तरी बांधीत जाऊन बसते." बांधी म्हणजे धानाचा एकेक वाफा. त्यांच्या या हट्टापायी आमच्या ऑफिसातून गावं कमी बाहेर पडत. कंपनीच्या मॅनेजर साहेबांचा भोपाळहून रोज फोन यायचा. फोनवर बाई फार बोलत नसत. "हां सर, जी सर" म्हणून ठेवायच्या, तळहातांनी डोळे दाबायच्या, थेंब घालायच्या आणि छताकडे तोंड करून थोडा वेळ बसायच्या. मग म्हणायच्या, "चला. आणा पुढचं गाव."

लोकेश नावाचा माझा सोबती खैरलांजीकडचा. एकदा त्याच्याच मामाचं गाव त्याच्या वाट्याला आलं. त्याने झरझर बिंदू दिले आणि सगळं गाव रस्त्याच्या पलीकडे जाऊन बसलं. घरं तळ्यात, तळं शेतात. बाईंनी एकेक बिंदू तपासला आणि मारुतीच्या देवळावर येऊन थांबल्या.

"हे देऊळ इथंच होतं का रे पयल्यापासून?"

"नाही बाई. रोड मोठा झाला तवा उचलून इकडं आणलं."

"तुले कसं माहीत?"

"जेवायले गेलतो ना मी. मोठा भंडारा झालता."

"पोटभर जेवला?"

"हौ बाई."

"जेवला अन् तरी बिंदू तिथंच ठोकला!"

सगळा हॉल हसला. लोकेशही हसला. पांढरं शिखर चित्रात ठळक दिसतं, हात आपोआप तिकडेच जातो. बाईही हसल्या, मग दमल्यासारख्या खुर्चीवर टेकल्या. "देव हालतात बाबू. विहिरी बुजतात. शाळा नवीन जागेवर बांधतात. हद्दीचे दगडसुद्धा लोक उचलून नेतात, कपडे धुवायले बरे पडतात."

"मग पक्कं काय धरायचं बाई?" मी विचारलं.

"भांडण. जिथं दोन भावांचं पटत नाही, तिथला धुरा पाह्य. दोघंही राखण करतात. हातभर सरकू देत नाहीत."

आम्हाला ती थट्टा वाटली. पण त्या खरोखरच तसं करायच्या. गावात ओळखीच्या कुणाला तरी फोन लावायचा, धान कसा आहे ते विचारायचं आणि हळूच काढायचं, तुमच्याकडे कुणाची धुऱ्यावरून केस चालू आहे का हो? मग त्या धुऱ्याचा, म्हणजे बांधाचा, कोपरा धरायचा. नकाशा असा चपखल बसायचा की आम्ही एकमेकांकडे बघत राहायचो.

माझ्यावर त्यांचे उपकार आहेत. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला मी परीक्षा सोडून द्यायच्या बेतात होतो. बाबा राइस मिलमध्ये पोती उचलत, त्यांची कंबर धरली होती आणि माझ्या रजांचे पैसे कापले जात होते. बाईंनी माझ्या वाटची गावं स्वतःच्या टेबलावर घेतली आणि परीक्षा होईपर्यंत मला ऑफिसात पाऊल टाकू दिलं नाही. निकालानंतर बाबा त्यांना भेटायला आले, तर खुर्चीवर बसेनात. बाईसुद्धा उभ्या राहिल्या. दोघंही बराच वेळ तसेच उभे राहून बोलले. जाताना बाबा मला म्हणाले, "ह्या बाईची तब्येत बरी नाही दिसत रे. काम कमी देत जा त्यायले." काम मी त्यांना देत नव्हतो, त्या मला देत होत्या, हे मी बाबांना सांगितलं नाही.

मग ते नदीकाठचं गाव आलं. खैरलांजी तहसिलीतलं, वैनगंगेला लागून. नकाशा दोन तुकड्यांत होता आणि जिथे घडी पडायची तिथलं कापड ओल लागून गळून गेलं होतं. दोन्ही तुकडे एकमेकांना भिडवले की नकाशा सुरेख बसत होता, चूकही नावाला उरत होती. आम्ही तो करून टाकला होता. बाईंनी गावाच्या नोंदीतले शेतांचे क्रमांक नकाशावरच्या क्रमांकांशी ताडून बघितले, तर काही क्रमांक नोंदीत होते आणि नकाशावर नव्हते. गळलेल्या पट्टीबरोबर ती शेतं गेली होती. तुकडे भिडवले की त्यांच्या जागी सरळ नदी येत होती.

दुसऱ्या दिवशी बाई मला स्कूटीवर बसवून त्या गावी घेऊन गेल्या. त्या शेतांची माणसं बौद्ध मोहल्ल्यातली होती. विहाराच्या सावलीला कौसाबाई नावाची एक म्हातारी सूप घेऊन बसली होती. त्या पट्टीत तिचीही जमीन होती. बाईंनी तिला सगळं समजावून सांगितलं. ती उठली, आम्हाला काठावर घेऊन गेली आणि धानाने भरलेली बांधी दाखवून म्हणाली, "तुमच्या कंप्युटरात इथं नदी हाये म्हणता? मंग उतरा. पोहून दाखवा." बाईंनी खरोखर चप्पल काढली, धुऱ्यावरून ती पट्टी पार चालून गेल्या आणि परत आल्या.

आम्हाला ती जमीन मोजून नकाशात घालता येत नव्हती. मोजणीचा अधिकार सरकारी माणसांचा. आमच्या हातात दोनच गोष्टी होत्या: पट्टी मिटवून गाव पूर्ण म्हणून पाठवायचं, नाहीतर पट्टी उघडी ठेवून 'मोजणी आवश्यक' असा शेरा मारायचा. मॅनेजर साहेब यावेळी स्वतः भोपाळहून आले. वाईट माणूस नव्हता. तोही थकलेला होता.

"मैडम, आधे सेंटीमीटर की बात है."

"काग़ज़ पर, सर. ज़मीन पर बीस मीटर है."

"सालों तक किसी को पता नहीं चलेगा."

"इसीलिए तो."

पट्टी उघडी राहिली. बाईंनी शेऱ्याखाली आपलं नाव टाकलं. आम्हाला वाटलं, बाई जिंकल्या.

पण त्या शेऱ्याने जे झालं ते आम्हा कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. पट्टीतल्या सगळ्या क्रमांकांपुढे 'नकाशा प्रलंबित' अशी खूण लागली. सरकारी केंद्रावर धान विकायचा तर आधी जमिनीची नोंदणी लागते, आणि खूण असलेल्या क्रमांकांची नोंदणी होईना. पट्टी मिटवली असती तर जमीन नकाशातून गेली असती, पण ते कळलं असतं पुढे कधीतरी. त्या हंगामात धान सुखाने विकला गेला असता. आता तो व्यापारी देईल त्या भावात गेला.

कौसाबाई दोन सुनांना घेऊन बसने बालाघाटला आली आणि जिना चढून थेट हॉलात उभी राहिली.

"कुठं हाये ते बाई? आमच्या भल्यासाठी केलं म्हणत होती ना? मंग आमचा धान काहून नाही घेतला केंद्रावर? इतके साल कोणी विचारलं नाही, अन् तुले कोणी सांगतलं होतं आमच्या वावरात चालत याले?"

लोकेश पुढे झाला. बाईंनी त्याला हाताने मागे सारलं. म्हातारीचं बोलून होईपर्यंत त्या उभ्या राहिल्या. एकदाही "पण" म्हणाल्या नाहीत. मग स्वतः पाणी आणलं. म्हातारीने ते घेतलं नाही. सुनेने घेतलं, आणि सासूने डोळे वटारताच अर्धा पेला खाली ठेवला. त्या गेल्यावर बाई खुर्चीत बसून राहिल्या. त्या दिवशी त्या "आणा पुढचं गाव" म्हणाल्या नाहीत. मीच लोकेशला खुणावलं आणि आम्ही पुढचं गाव उघडलं.

त्यानंतर बाई आठवड्यातून एकदा तरी तहसील कचेरीत जाऊ लागल्या. मोजणीचा अर्ज पुढे सरकला का, एवढंच विचारायला. कंपनीने त्यांचा करार वाढवला नाही, तरी त्या जात राहिल्या. शेवटच्या दिवशी आम्ही समोसे मागवले होते. भाषण करा म्हटलं तर म्हणाल्या, "भाषण काय करू? त्या पट्टीकडे लक्ष ठेवजा." समोसाही अर्धाच खाल्ला. वारासिवनीला भावाच्या घराशेजारी खोली घेऊन त्या मुलांच्या शिकवण्या घेऊ लागल्या. डोळ्यांचं ऑपरेशन पुढे ढकलत होत्या.

मोजणी पुढच्या वर्षी झाली, धानाच्या रोवणीच्या आधी, बांध्या कोरड्या होत्या तेव्हा. नकाशात भरायचं काम आमच्याकडे असल्यामुळे मला सरकारी मोजणीदारांसोबत पाठवलं होतं. ऊन असं होतं की मोजणीच्या मशीनवर हात ठेववत नव्हता. कौसाबाई डोक्यावर पदर घेऊन धुऱ्याधुऱ्याने आमच्याबरोबर फिरली. पट्टीतली सगळी शेतं जागच्या जागी भरली. ती म्हणाली, "ते बाई काहून नाही आली?" त्या आता या कामावर नाहीत, एवढंच मी सांगितलं. ती नदीकडे बघत राहिली. "सांगजो त्यायले. आमचं नाव आलं म्हणा नक्शात. लय बोलली मी त्यायले."

मी तिथूनच फोन लावला. मागे मुलांचा गलका ऐकू येत होता.

"बाई, मोजणी झाली. पट्टी भरली. कौसाबाई विचारत होती तुम्हाला."

"हौ? सगळ्यांचे भरले?"

"सगळ्यांचे."

बाईंनी मुलांना गप्प केलं.

"अन् मागच्या साली जो धान गेला, त्याचं काय?" त्यांनी विचारलं.

"तो तर गेलाच ना बाई. पण जमीन राहिली."

"राह्यली," बाई म्हणाल्या. "पण त्या साली त्यायनं खाल्लं काय, हे मी कोणाले विचारलंच नाही रे."

धुऱ्यावर कौसाबाई माझ्या तोंडाकडे बघत उभी होती. बाई काय म्हणाल्या ते तिला हवं होतं. मी फोन तिच्या हातात दिला आणि मशीन आवरायला लागलो. दोघी किती तरी वेळ बोलत होत्या, आणि मी तिकडे पाठ करूनच उभा राहिलो.