गोष्टीतलं उपाशी कुत्रं

मी कुत्र्यांवर बऱ्याच गोष्टी लिहिल्या. त्यामुळं लोकांना वाटतं, याला कुत्र्यांतलं फार कळतं. आमच्या घरात असला गैरसमज नाही. भाकऱ्या झाल्या की बायको आजही विचारते, "कुत्र्याला घातली का?" आणि मुलं हसतात, कारण ही हकिकत त्यांना पाठ आहे.

महायुद्धाचे दिवस होते. मी विशीतला, औंधजवळच्या आमच्या गावी बसून लेखक व्हायच्या खटपटीत. कागद मिळत नव्हता. माझे शाळेतले जुने मास्तर तपासलेले पेपर द्यायचे. त्या पेपरांच्या कोऱ्या बाजूवर मी लिहायचो. पुढं माझी गोष्ट, मागं कुणाचं तरी चुकलेलं गणित. मास्तरांची एका मासिकाच्या संपादकांशी ओळख होती. मास्तरांनी शिफारशीची चिठ्ठी दिली की गोष्ट छापून येणार, आणि त्या चिठ्ठीसाठी माझा जीव टांगणीला लागलेला.

मी धनगराच्या इमानी कुत्र्याची गोष्ट लिहिली. लांडग्याशी झुंजून ते मरतं आणि धनगर दीड पान रडतो. लिहिताना मीही रडलो. मास्तर रडले नाहीत. त्यांची एक अट असायची: ज्याच्या धंद्याची गोष्ट, त्याला आधी वाचून दाखवायची.

"धनगराला दाखवलीस?"

"त्यांना वाचता येत नाही, मास्तर."

"ऐकता येतं ना? जा. मग चिठ्ठी."

दिवाळीनंतर जतकडचे धनगर मेंढरं घेऊन कोकणाच्या वाटेला लागत. खतासाठी दोन-चार दिवस आमच्या रानात मेंढरं बसवत. तसा एक म्हातारा उतरला होता. सकाळी मी गेलो, आमचं कुत्रंही बरोबर नेलं. म्हटलं, वाचनाला शोभा येईल. तीन दगडांच्या चुलीवर त्याची म्हातारी भाकरी करत होती. मी वाचत असतानाच तिनं तव्यावरची पहिली भाकरी मोडून कुत्र्यांना घातली. त्यात आमच्याही.

गोष्ट संपली. म्हातारा म्हणाला, "लय ब्येस. पर गड्या, तुज्या कुत्र्यानं खाल्लं कवा?"

"म्हणजे?"

"भुकतंय, पळतंय, लांडग्याला धरतंय. भाकरी कुनी घातली त्येला? आमी पयली त्येंची काढतो, मग आमची. उपाशी कुत्रं मेंढरं राखील व्हय?"

"आवं, त्येचं सोताचं कुत्रं बगा की," म्हातारी म्हणाली. "निस्त्या बरगड्या!"

आमच्याकडं शेवटची भाकरी कुत्र्याची, आणि ती घालायचं काम माझं. कुत्र्याच्या इमानावर लिहिण्याच्या नादात मी ते महिनाभर विसरत होतो.

तिसऱ्या दिवशी मेंढरं हलली आणि त्यांच्यामागं आमचं कुत्रंही. मी सायकल हाणत त्यांना गाठलं, कुत्र्याला हाक मारली. शेपूट हललं, पाय हलले नाहीत.

"तुजंच हाय, न्हे की बांदून," म्हातारा म्हणाला. "दोरी हाय का?"

दोरी नव्हती. खिशात गोष्ट होती. तसाच परत आलो.

घरी येऊन लांडगा काढला, मरण काढलं, रडणं तर सगळंच काढलं. उरला एक लेखक, ज्याचं कुत्रं भाकरीमागं निघून जातं. सहा पानांची दोन झाली. मास्तरांनी वाचली आणि चिठ्ठीसाठी टाक उचलला. लिहिता लिहिता म्हणाले, "आता कसं आहे ते कुत्रं?"

"मजेत असणार."

"मग पाठव."

गोष्ट छापून आली. पावसाच्या तोंडावर मेंढरं परतली, तसा मी मासिक दाखवायला धावलो. कुत्रं चांगलं अंगानं भरलेलं. लांबूनच ओळखून धावत आलं. माझा उजवा हात हुंगला, मग डावा, मग मासिक. आणि म्हातारीच्या चुलीकडं वळलं.

भाकरी घेऊन जायचं मला त्याही दिवशी सुचलं नव्हतं.