डाव्या हाताची सीट

मोतीबिंदू काढला की पेशंट पेढे घेऊन येतो. काचबिंदूचा पेशंट वर्षानुवर्षं थेंब घालतो, आणि त्याला पूर्वीपेक्षा तसूभरही जास्त दिसत नाही. मग पेढे कुठले? उलट तक्रार, "मॅडम, तुमच्या औषधानं फरकच नाही." आहे ती नजर टिकली हाच फरक, हे मी इतक्यांदा सांगितलंय की आता माझं मलाच ऐकू येत नाही.

पनवेलमध्ये माझा छोटा दवाखाना आहे आणि आठवड्यातून एकदा मी एका धर्मादाय रुग्णालयात शस्त्रक्रिया करते. तिथल्या शिबिरांत मोतीबिंदूच मोजतात. हिरव्या पट्ट्या बांधलेल्या आज्यांचा ग्रुप फोटो निघतो, देणगीदार खूश. काचबिंदूचा फोटो काय काढणार? डोळ्यातला दाब वाढतो, मागची नस हळूहळू मरते. दुखत नाही, लाल होत नाही. बाजूचं दिसणं आधी जातं, समोरचं बिचारं शेवटपर्यंत शाबूत राहतं. नजरेचा घेर मोजणारं तिथलं मशीन बंद पडलं की "इंजिनीअर येणार आहे" एवढंच उत्तर मिळतं. थेंब स्टॉकमध्ये असतात तेव्हा असतात. मी पूर्वी यावर भांडायचे. आता पेशंटला बाहेरचा पत्ता लिहून देते आणि पुढच्याला बोलावते.

विचुंब्याचा एक रिक्षावाला लायसन्सच्या नूतनीकरणासाठी माझ्याकडे आला, तो दवाखान्यातल्या एका गर्दीच्या सकाळी. स्टेशन ते विचुंबे शेअर रिक्षा चालवायचा. पन्नाशीचा, खाकी शर्टाला कडक इस्त्री, सोबत बायको. डोळे चांगले असल्याचं सर्टिफिकेट हवं होतं. तक्त्यावरची शेवटची ओळ त्यानं शाळेतल्या कवितेसारखी घडाघडा म्हणून दाखवली.

"द्या आता सही," तो म्हणाला.

मी डोळ्यांचा दाब बघितला, मग आत नस बघितली, आणि कपाळाला हात लावला. डाव्या डोळ्याची नस जवळजवळ संपलेली, उजव्याचीही बरीच गेलेली.

"सही नाही मिळणार. रिक्षा थांबवा."

"का म्हनून? शेवटची वल वाचली का नाय मी?"

"वाचलीत. पण रस्त्यावरची पोरं तक्त्यासारखी समोर उभी राहत नाहीत, बाजूनं येतात."

तो भडकला. घर रिक्षावर चालतं, मुलीचं कॉलेज आहे, तुमचं काय जातंय बोलायला. माझं काहीच जात नव्हतं, हे खरंच. मी त्याला माझ्या नाकाकडे बघायला सांगितलं, डोळे अजिबात हलवायचे नाहीत. बायकोला खुणेनं त्याच्या डाव्या बाजूला, हातभर अंतरावर उभं केलं.

"तुमची मिसेस कुठे आहे?"

"ती? भायेर गेली असंल."

ती तिथेच होती. पदराचं टोक तोंडावर धरून उभी. त्यानं मान वळवली आणि तिला बघून दचकला. पुढचा पेशंट दारातून डोकावला, त्याला मी जरा जोरातच बाहेर थांबायला सांगितलं.

"मला म्हाईत हाय, मॅडम," बायको म्हणाली. "मी रोज बसते ना बाजूला."

वर्षभर ती त्याच्या रिक्षात पुढे, त्याच्या डाव्या हाताला दाटीवाटीनं बसून फिरत होती. स्टँडवरचे लोक चिडवायचे, काय रे, म्हातारपणी रोज हनिमून? तो लाजायचा आणि आतून सुखावायचा. त्याला वाटायचं, बायकोला घरी करमत नाही. ती मात्र सगळ्या वाटेनं बोलत असायची: म्हैस आली, टेम्पो घुसतोय, आता घ्या, थांबा. एवढी बडबड कशाला करतेस म्हणून तो खेकसायचाही.

"मग डॉक्टरकडे का नाही आणलंत?" मी विचारलं. आवाज चढलाच माझा.

"आनलं की. शिबिरात. ते बोलले, मोतीबिंदू नाय, डोला चांगला हाय, जा."

मला राग आला, पण तो तिच्यावर काढण्यात अर्थ नव्हता. थेंब लिहून दिले, कायमचे, रोज रात्री. गेलेलं परत येणार नाही. उरलंय तेवढं राखायचं. सही केली नाही. जाताना त्यानं माझ्याकडे बघितलंही नाही.

पुढच्या महिन्यात थेंब लिहून घ्यायला ती एकटीच आली.

"रिक्षा बंद ना?"

"सर्टिफिकेट मिळालं त्यांना. दुसरीकडनं. तिथं पन तोच तक्ता वाचाया लावला."

मी पेन खाली ठेवलं. म्हणजे चालवतोय. झालं!

"पन मी नाय बसले," ती म्हणाली. "मी बोलले, सर्टिफिकेट हाय ना, मंग जा एकले. मला लय भ्या वाटत व्हतं, पन नायच बसले. ते रागारागानं गेले. नाक्यापरत गेले, रिक्षा कडेला लावली नि चालत घरी आले. परत हात नाय लावला तिला."

"काही बोलले?"

"वट्यावर येऊन बसले. मंग बोलले, इतके दिस मला वाटायचं, रिक्षा मीच चालवतो."