डाव्या सुळ्याचा रस्ता

मामाने आयुष्यात दोनच गोष्टी मन लावून केल्या: लोकांच्या कवळ्या आणि स्वतःची चेष्टा. चौतीस वर्षं तो दवाखान्यामागच्या खोलीत बसून मेणात दात रोवत आला. दवाखाना आणि खोली यांच्यामध्ये एक दार. पेशंटला काही खुपलं की डॉक्टर दार उघडून कवळी मामाच्या हातात ठेवायचे. मग डॉक्टर वारले, त्यांच्या डॉक्टर मुलीने दवाखाना टेकडीवर नेला आणि त्या एका दाराच्या जागी साडेचार किलोमीटर रस्ता आला.

रस्ता तीन तऱ्हेचा. आधी डांबर, मग कालव्याच्या कडेची खडी आणि शेवटी दगडी गल्ली, इतकी उभी की वरून येणारी माणसं मागे रेलून चालतात. बस जात नाही. मामाला गाडी चालवता येत नाही. आणि न्यायचे काय, तर कच्चे दात. म्हणजे नुसते तोंडात घालून बघण्यापुरते मेणात रोवलेले. पेशंट हो म्हणाला की मग पक्के करायचे. मेणाला धक्का सोसत नाही.

एका म्हाताऱ्या मास्तरीणबाईंची कवळी दोनदा परत आली. पहिली खेप मामाच्या जुन्या सायकलवरून, दुसरी रुंद टायर घालून. दोन्ही वेळा डावा सुळा फिरलेला. मास्तरीणबाई आरशात बघून म्हणाल्या, "हा शेजारच्याशी भांडून बसलाय वाटतं."

डॉक्टरीणबाईंनी मामाला बाहेर बोलावलं. "काका, आता पुन्हा असं झालं तर मी सगळं काम मशीनवाल्यांकडे देणार. पेशंट किती वेळा चढून येतील?"

मामीला ही हकिगत सांगताना मामाने हे शेवटचं गाळलं. मला मात्र सांगितलं.

"रस्ता हलवतोय," तो म्हणाला. "सायकल नीट बसवून घ्यायला हवी. चल."

सायकल दुरुस्त करणाऱ्या बाईला सगळे पान्हा म्हणतात, तिच्या तोंडावरसुद्धा. तिने मामाची सायकल उलटी केली, चाक फिरवलं आणि विचारलं, "काका, चढायला हलकी हवी, की दगडांवर मऊ?"

"दोन्ही."

"दोन्ही एकात मिळालं असतं तर माझं दुकान कशाला चाललं असतं? हे बघा. टायर कडक ठेवला तर डांबरावर पळेल, पण दगडांवर तुमचे दात वाजतील."

"माझे वाजू देत. डब्यातले नकोत."

"मग हवा कमी. पण डांबरावर रेड्यासारखी ओढावी लागेल. पुढे स्प्रिंगचा चिमटा घालते, तो धक्का खाईल. वजन दोन किलो वाढेल. ते चढाला भोवेल, म्हणून मागे मोठं चक्र. बत्तीस दातांचं."

"माणसाइतके," मामा म्हणाला. "एखादा पडला तर सांग. बसवून देईन."

पान्हा हसली. मग तिने कॅरिअर सोडवून बाजूला टाकलं. "डबा इथे नाही ठेवायचा. छातीशी बांधा, लेकरासारखा. आणि अंदाजाने किती दिवस बदलत बसणार? नक्की कुठे हलतं ते बघा. डांबर संपलं की डबा उघडा, खडी संपली की उघडा, वर पोचलात की उघडा. भाचीला न्या, फोटो काढायला. निघायच्या आधीचाही एक काढ गं, आठवणीने."

निघायच्या दिवशी मामा पहाटे पाच वाजल्यापासून टेबलाशी होता. स्पिरिटचा दिवा, तापलेली सुरी, चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर सुळा. मी फोटो काढला. मामीने चहा आणला. मला कपभर, त्याला अर्धा.

"मामाला अर्धाच?"

"भरलेला निवतो," मामी म्हणाली आणि ओट्याकडे वळली. मामाने तो अर्धा कप दोन्ही हातांनी उचलला.

डांबर संपलं तिथे आम्ही आपापल्या सायकली थांबवल्या. डबा उघडला, फोटो काढला. सुळा जागेवर. खडी संपली, पुन्हा उघडला. जागेवर. दगडी गल्लीत मामाने सगळ्यात हलका गिअर टाकला. पाय भरभर फिरत होते आणि सायकल जागची हलत नव्हती. भाजीची पिशवी घेऊन चढणाऱ्या एका बाईने मागून विचारलं, "काका, मी पुढे जाऊ का?"

"जा, जा. तुमची भाजी शिळी होईल."

वर पोचल्यावर त्याला बोलता येईना. बोटानेच त्याने डबा उघड म्हणून खुणावलं. मी चौथा फोटो काढला आणि सगळे मागेपुढे सरकवून पाहिले. चारही सारखे. केसभर फरक नाही.

"हलला नाही," मी म्हटलं.

मामा पायरीवर बसला आणि डोळे पुसत हसला. "त्या पान्हाला काहीतरी खाऊ घातलं पाहिजे."

आत मास्तरीणबाईंनी कवळी लावली. आरसा घेतला. मग तो पालथा ठेवला. "तोच हो. तसाच भांडून बसलाय."

डॉक्टरीणबाईंनी वाकून पाहिलं. त्या रागावल्या नाहीत. "काका, यांचं माप मी मशीनवाल्यांकडे पाठवते. बाकीचीही आजच पाठवते."

बाहेर आल्यावर मी पुन्हा पहिला फोटो उघडला. घरातला, टेबलावरचा, अजून पाऊलभरही रस्ता न पाहिलेला. मामा माझ्या खांद्याशी येऊन उभा राहिला.

"मोठा कर."

मी केला. सुळा फिरलेला होता. तिथेच, दिव्याखाली, त्याच्या सुरीजवळ.

"हं," मामा म्हणाला.

उतरताना तो सायकलवर बसलाच नाही. हँडल धरून चालत राहिला. दगड संपले, खडी संपली, तरी चालतच. मीही माझी सायकल ढकलत मागे.

दुकानाशी पान्हा वाट बघत होती. "कळलं का, कुठे हलतं ते?"

मामाने दोन्ही हात खिशात घातले. "दगडांवर. शेवटच्या वळणावर."

पान्हाने माझ्याकडे पाहिलं. फोन माझ्या मुठीत होता.

"हो," मी म्हटलं. "शेवटच्या वळणावर."

"तरी म्हटलंच. मग पुढच्या चाकातली हवा अजून थोडी काढू." ती उकिडवी बसली आणि तिने व्हॉल्व्ह दाबला. मामा शेजारी उभा राहून हवा जाताना ऐकत राहिला. टायर बसत चालला, पान्हाने दोनदा वर बघितलं, तरी तो पुरे म्हणेना.