सहा मैल अलीकडे

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी साकोलीला विलासच्या ओसरीत बसून आम्ही विमानाची तीन तिकिटं काढली. हजर आम्ही तिघंच: विलास, त्याची बायको म्हणजे माझी धाकटी बहीण कुंदा, आणि मी. मिळून एकोणीस हजार दोनशे रुपये झाले. ते विलासने भरले, मला माझा वाटा देऊ दिला नाही. प्रवास दिवाळीनंतरचा होता. दिवाळीआधीच विलास गेला...

सकाळी छातीत दुखायला लागलं. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी तपासून लगेच नागपूरला हलवायला सांगितलं. गाडीत मी त्याच्या उशाशी होतो, कुंदा पायाशी. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, तरी त्याने बोट हलवून मला जवळ बोलावलं आणि म्हणाला, "बोर्ड वाच." बाजूच्या काचेतून दुकानांच्या पाट्या दिसत होत्या. त्यांवरून मी गावाचं नाव वाचलं, "शहापूर." त्याने मान हलवली. पुढे "मौदा" म्हणालो तेव्हा मान हलली नाही. मी ते पुन्हा एकदा वाचलं, थोडं मोठ्याने. दुसरं काही करण्यासारखं माझ्या हातात नव्हतं.

विलास आणि मी शाळेपासूनचे. माझ्या हिशेबी स्वभावावरून त्याने मला मुनीम हे नाव ठेवलं, आणि पुढे मी खरोखरच तुमसरच्या एका राइस मिलमध्ये हिशेबाला लागलो. तो विमान चालवायला शिकला. सुट्टीवर आला की वरून आपला मुलूख कसा दिसतो ते सांगायचा. पहिल्यांदा या भागावरून गेला तेव्हा त्याला साकोली सापडलीच नव्हती. "अरे मुनीम, जिकडे पाहावं तिकडे तलाव अन् तलावाच्या खाली धानाच्या बांध्या. कोणता आपला, कोणता दुसऱ्याचा, काही समजत नाही," असं हसून म्हणाला होता. कुंदाचं त्याच्याशी लग्न ठरलं तेव्हा आईला एकच काळजी होती, की हा माणूस जमिनीवर कमी राहणार.

ती संध्याकाळ मी त्याच्याकडून इतक्या वेळा ऐकली आहे, की पाहिल्यासारखी सांगू शकतो. दक्षिणेतलं एक शहर. विमानात प्रवासी भरलेले, आकाश स्वच्छ, वारा नाही. विलास सहवैमानिक होता. शहराच्या अलीकडे एक जुना लष्करी विमानतळ आहे. त्याची धावपट्टी नव्या विमानतळाच्या धावपट्टीच्या जवळजवळ त्याच रेषेत, त्याच दिशेला तोंड करून. कॅप्टन म्हणाले, धावपट्टी दिसली. अशा वेळी दुसऱ्याने आपल्या डोळ्यांनी पाहून, समोरच्या यंत्राशी ताडून, मगच होकार द्यायचा असतो. दोघं बसवलेले असतात ते त्यासाठीच. यंत्र दाखवत होतं ते अंतर समोरच्या पट्टीपेक्षा सहा मैलांनी जास्त होतं. विलासने तो आकडा पाहिला. मग बाहेर पाहिलं. समोर धावपट्टी होती, दिवे होते, रेष बरोबर होती. तो म्हणाला, "दिसली."

विमान व्यवस्थित उतरलं. पट्टी आखूड होती म्हणून ब्रेक जोरात लावावे लागले, एवढंच. मागे लोकांनी मोबाईल सुरू करून घरच्यांना पोचल्याचं कळवायला सुरुवातही केली होती. तेवढ्यात समोरून एक जीप आली आणि त्यातले जवान उतरून विमानाकडे नुसते बघत उभे राहिले. विलास म्हणायचा की त्या जवानांचे चेहरे बघेपर्यंत त्याला काही कळलं नव्हतं. कोणाला खरचटलंही नाही. प्रवाशांना बसने नेलं.

टीव्हीवर दोन दिवस चाललं. साकोलीत मात्र ते संपलंच नाही. तो बस स्टँडवर दिसला, की चहावाला अलीकडच्या गावाचं नाव घेऊन विचारायचा, "काय पायलटसाहेब, लाखनी समजून तर नाही ना उतरले?" विलास हसायचा आणि चहाही तिथेच प्यायचा. पण तेव्हापासून त्याला ती सवय लागली. बस असो, रेल्वे असो, कोणाची मोटरसायकल असो, गावाची पाटी मोठ्याने वाचल्याशिवाय तो खाली उतरायचा नाही. जिथे लहानाचा मोठा झाला त्या साकोलीच्या स्टँडवरसुद्धा. कंडक्टर ओरडायचे, मागची माणसं ढकलायची. कुंदा लाजेने आधीच उतरून दूर उभी राहायची.

लायसन्स काही महिने निलंबित होतं, मग परत मिळालं. नोकरी मिळाली नाही. चौकशीला द्यायचा खुलासा आम्ही दोघांनी बसून लिहिला होता. मी त्यात "मावळता प्रकाश" असं कारण घातलं, ते त्याने खोडायला लावलं. प्रकाश चांगला होता, म्हणाला. नंतर मी निरनिराळ्या कंपन्यांना अर्ज लिहून दिले, प्रत्येकात त्याचे उड्डाणाचे तास बिनचूक मांडले. मुलाखतीला बोलावायचे, नाव पाहायचे, त्या संध्याकाळबद्दल विचारायचे आणि कळवतो म्हणायचे. धानाची शेती होती, घर चालत होतं. पण वैद्यकीय तपासणी तो दर वर्षी न चुकता करून घ्यायचा. त्याला परत उडायचं होतं, आणि एकदा तरी त्याच शहरात, बरोबर जागी, विमान उतरवायचं होतं. दुसरं काही मागणं नव्हतं. मागच्या वर्षी त्या तपासणीतच हृदयाचा दोष निघाला आणि तेही मिटलं.

मला एक गोष्ट कधीच पटली नव्हती. आकडा समोर असताना माणूस बाहेर कायला पाहतो? माझा सगळा जन्म आकड्यावर विश्वास ठेवण्यात गेला. ओसरीत त्याच शहराची तिकिटं काढताना मी त्याला शेवटचं विचारलं. तो चिडला नाही.

"मुनीम, चूक दिसत नसते रे. धावपट्टी दिसते," तो म्हणाला. मग कुंदाकडे पाहून, "विमान चालवाले नाही भेटत, तर सवारी बनून उतरतो. पण बरोबर ठिकाणी उतरतो."

तेराव्यानंतर मी कुंदाला म्हटलं, तिकिटं रद्द करू, थोडे तरी परत येतील. ती म्हणाली, "रद्द नको करू. आपण जाऊ. त्यांची सीट राहू दे." म्हणून आम्ही दोघं गेलो. खिडकीची सीट तिने मला दिली, मधली रिकामी ठेवली, आणि स्वतः कडेला बसली. उतरायची वेळ मी तिकिटावरून पाठ केली होती, घड्याळ मांडीवर काढून ठेवलं होतं. विमान खाली येऊ लागलं. तळी दिसली, रस्ता दिसला, मग खिडकीतून जरा पुढे लांब, सरळ, राखाडी पट्टी. मी घड्याळाकडे पाहिलं नाही. मी म्हणालो, "आलं."

कुंदा माझ्याकडे न बघता, मांडीवरच्या घड्याळाकडे बघत म्हणाली, "नाही दादा. अजून नाही."

पट्टी खिडकीखालून मागे गेली. तिच्या कडेला गवत होतं, एक जुनी शेड होती. सहा मैलांनंतर तशीच दुसरी पट्टी आली आणि विमान उतरलं. मला विलासला सांगायचं होतं, की मलाही दिसली. हे ऐकायला त्याच्याइतका दुसरा कोणी योग्य माणूस नव्हता, आणि मधली सीट रिकामी होती... त्या सीटचं पूर्ण भाडं कंपनीकडे गेलं, त्यातलं काही परत आलं नाही. मी ते प्रवासखर्चातच धरलं आहे.

विमान थांबलं. लोक उठून वरच्या बॅगा काढू लागले. मीही उठलो, तर कुंदाने मनगट धरून मला खाली बसवलं. रिकाम्या सीटवर हात टेकून ती खिडकीकडे वाकली. समोर इमारतीवर शहराचं नाव मोठ्या अक्षरांत होतं. आजूबाजूचे लोक बघत असताना तिने ते मोठ्याने, एकेक अक्षर लावून वाचलं.

मग म्हणाली, "हो. उतर आता."