लुक-चेचा मुलगा

लुक-चेला मुलगा झाला तेव्हा तिचे केस पांढरे झाले होते आणि मुलगा चौतिशीचा होता. शिवाय तो बाई होता. आम्हा मोलकरणींत यावर कितीतरी दिवस हसणं चाललं, पण हसल्यानं लुक-चेचं कधी काही बिघडत नसे.

आम्ही दोघी एकाच गावच्या. तरुणपणी देवीसमोर बसून आपले केस आपणच विंचरून घेतले, लग्न करणार नाही अशी शपथ वाहिली आणि हाँगकाँगला लोकांच्या घरी रांधायला आलो. नवरा नाही, सासू नाही, कुणाची बोलणी नाहीत, मालकिणीची सोडून. मला यात काही उणं वाटलं नाही. लुक-चेला मात्र एक भीती छळायची. आमच्यात माणूस गेलं की त्याचा मुलगा वाटी घेऊन पाण्यावर जातो, पाण्यात नाणं टाकून वाटीभर पाणी विकत घेतो आणि त्यानं मेलेल्याचं तोंड धुतो.

"माझं तोंड कोण धुणार गं, अ-सॅम?" मासे साफ करता करता ती विचारायची. "अशीच पारोशी जाऊन आईपुढे उभी राहू?"

"मेल्यावर तोंडाची काळजी! जिवंतपणी कधी आरशात बघितलंस?" मी म्हणायची. तिला हसू यायचं नाही.

कोंग हान-चाऊ ही सिनेमात पुरुषांची कामं करायची. आमच्या गाण्यांच्या सिनेमांत यात नवल काहीच नव्हतं. राजपुत्र बाईच, गरीब विद्यार्थीही बाईच, आणि आम्ही मोलकरणी सुट्टीच्या दुपारी त्यांच्यावर जीव ओवाळून टाकायला हजर. खरे पुरुष आम्ही कामाच्या घरी रोज बघत होतो, त्यांच्यासाठी तिकीट कोण काढणार? हान-चाऊ फार मोठी नटी नव्हती. बहुतेक वेळा नायकाचा धाकटा भाऊच व्हायची. पण एका सिनेमात ती परीक्षा पास होऊन घरी परतणारा मुलगा झाली. घरी येते तर आई गेलेली. मग ती नदीवर जाऊन पाणी आणते आणि आईचं तोंड धुते. थिएटरभर नुसते हुंदके! गार पाणी लागताच मेलेल्या आईचं काम करणाऱ्या बाईची पापणी फडफडली, तेवढंच काय ते. आठवड्यात अख्खा सिनेमा उरकायचा, तो प्रसंग पुन्हा कोण घेत बसतो?

लुक-चे दुसऱ्याच सुट्टीला नासपतीचं सूप थर्मासात भरून स्टुडिओच्या दारात उभी.

"लेका, घसा बसलाय तुझा. पी मुकाट्यानं."

"आजी, सगळे बघताहेत," मिशा लावलेली हान-चाऊ म्हणाली.

"बघू देत. राजपुत्राला काय आई नसते?"

वर्षभर सूप जात राहिलं. हान-चाऊला लहानपणीच नाटकमंडळीला देऊन टाकलेलं, तिच्या घशाची काळजी आजवर कुणी केली नव्हती. शेवटी एके दिवशी तिनं आमच्या भाड्याच्या खोलीत गुडघे टेकून लुक-चेला चहा दिला आणि लुक-चेनं रिवाजाप्रमाणे तिला भाताची वाटी आणि जेवायच्या काड्या दिल्या. मानलेला मुलगा झाला. मुलगी का मानत नाहीस, असं मी विचारलं, तर लुक-चे माझ्यावरच उखडली. "मुलगी पाणी आणते का कधी?"

तेव्हाच ती हान-चाऊला म्हणाली, "त्या सिनेमातल्या बयेला धड मरतासुद्धा येत नव्हतं. माझ्या वेळी तू घाल पाणी. मी पापणी हलवणार नाही."

"शब्द?"

"शब्द. आणि तुझा?"

"पाणी मीच आणीन, आई."

पोटाच्या दुखण्यानं लुक-चे गेली. हान-चाऊ शूटिंग टाकून आली. अंगात पुरुषाचा लांब झगा, वर सुतकात मुलानं घालायचं गोणपाट, हातात लुक-चेनं दिलेली तीच वाटी. लुक-चेच्या भावाचा मुलगा यिउ-पाँगही आला होता. वेताच्या खुर्च्या विणणारा साधा माणूस, आत्याला नव्या वर्षाला तेवढा भेटायचा.

म्हाताऱ्या भटजींनी विचारलं, "मुलगा कोण?"

"मी," हान-चाऊ म्हणाली. तोच सिनेमातला भरदार आवाज. मागं कुणीतरी हुंदका दिला.

म्हाताऱ्यानं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बाई, हे पडद्यावर ठीक आहे. इथं सख्खा भाचा उभा आहे."

मला राहवेना. "अहो, तिची इच्छा होती! माझ्यासमोर बोलली ती!"

"इच्छा होती, खरं आहे," तो शांतपणे म्हणाला. त्याचं ते शांत बोलणंच मला सहन होईना. "पण चुकीच्या हातचं पाणी पोचलं नाही तर ती तिकडे तशीच, पारोशी उभी राहील. जबाबदारी घेता तुम्ही?"

यिउ-पाँग मान खाली घालून उभा होता. सिनेमात हान-चाऊनं अशा वेळी तलवार उपसली असती. इथं तिनं हातातल्या वाटीकडे पाहिलं. ती पारोशी उभी राहील, एवढंच बहुधा तिच्या डोक्यात बसलं असावं, कारण माझ्याही डोक्यात दुसरं काही नव्हतं. तिनं वाटी यिउ-पाँगच्या हातात दिली आणि गोणपाट काढून घडी घातली.

तो बंदरावर जाऊन पाणी घेऊन आला. मुलांच्या रांगेत हान-चाऊला जागा नव्हती, मुलींच्या रांगेतही तिला कुणी बोलावलं नाही. ती दाराशी आम्हा मोलकरणींच्या मागं येऊन उभी राहिली. पुढं सगळी डोकीच डोकी. यिउ-पाँगनं फडकं नीट पिळलंच नव्हतं, त्यातलं पाणी लुक-चेच्या डोळ्यांवर ठिबकलं.

"अ-सॅम मावशी," कानाशी एक बारीक, बायकी आवाज आला. तिचा हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "मला काही दिसत नाहीये. पापणी हलली का?"

मी टाचा उंचावून पाहिलं.

"नाही."

"नीट बघा ना."

"नाही हलली, बाळा. तिनं शब्द पाळला."