डी जे के म्हणजे करा

आमच्या ऑफिसात कागद फाइलला लागतात, किस्से मात्र कुठेच लागत नाहीत. ते कपाटावर साचतात. दुपारी शेजारच्या गल्लीतल्या यंत्रमागाची खडखड कानाला अंगाईसारखी वाटायला लागली, की कुणीतरी म्हणतं, "आठवतंय का..." आणि झालं! पुढचा अर्धा तास टपाल तसंच पडून राहतं.

आमची तीन शाळांची संस्था. ऑफिस सोलापुरात, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. खिडकीत कडुलिंब. मी हेडक्लार्क, रोज मोहोळहून एसटीनं येते. आवक-जावक मेहबूबभाईंकडे. आणि टायपिंगला अण्णा. अण्णांचं घराणं विणकराचं, घरात तेलुगू. बोटं अशी, की कीबोर्डवर पडली की गल्लीतल्या मागाची आणि त्यांची लय एकच होऊन जाते. आवाज कुठला कुणाचा ते कळत नाही.

तर हे सगळे किस्से एकाच महिन्यातले. त्या महिन्यात आम्ही सॉफ्टवेअरची परीक्षा घेत होतो.

*

धाकटे साहेब म्हणजे आमचे सचिव. त्यांचे वडील, थोरले साहेब, सचिव होते. ते गेले, आणि हे पुण्यातली नोकरी सोडून आले. आल्या आल्या त्यांनी विचारलं, "पत्र टाइप करायच्या सॉफ्टवेअरला आपण दरवर्षी पैसे का भरतो? फुकटही मिळतं की."

नव्या मशीनवर त्यांनी फुकटचं टाकलं. जुन्या मशीनवर पैशाचं होतंच. मला म्हणाले, "मॅडम, महिनाभर दोन्ही वापरा आणि रिपोर्ट द्या. कुठलं ठेवायचं ते ठरवू."

दोघांची इंग्रजी नावं काही आमच्या तोंडात बसेनात. दुसऱ्या दिवसापासून एक झालं 'विकतवालं' आणि एक 'फुकटवालं'.

मेहबूबभाई नव्या मशीनकडे संशयानं बघत होते. म्हणाले, "फुकट में कायकू देरे लोगां? कुछ तो लफडा हय!"

लफडा होता, पण वेगळाच. अण्णांचा जुना मराठी फॉन्ट फक्त जुन्या मशीनवर, विकतवाल्यातच चालायचा. नव्यावर तो बसेना. आणि अण्णा रिटायर होऊन चार वर्षं झालेली, दरवर्षी एकेक वर्षाची मुदतवाढ मिळत आलेली. साहेब सरळ बोलले, "फुकटवालं जमलं तर जुनं मशीन काढू. मग अण्णांनाही आराम द्यायला हवा ना."

अण्णा म्हणाले, "व्हय साहेब." आणि अर्धं राहिलेलं पत्र पूर्ण करायला बसले.

म्हणजे रिपोर्ट सॉफ्टवेअरचा, पण निकाल अण्णांचा. आणि लिहायचा कुणी? मी! मला त्या दिवशी डबा गेला नाही.

*

विकतवाल्याची वर्षाची मुदत संपत आली होती. रोज सकाळी मशीन चालू केलं, की मधोमध इंग्रजीत एक चौकोन यायचा. अण्णांना इंग्रजी बेताचंच. ते तो चौकोन बंद करायचे आणि कामाला लागायचे.

आठवडा झाल्यावर त्यांनी मला हाक मारली. "मॅडम, हे रोज काय म्हणतंय वो?"

मी वाचलं. "मुदत संपत आलीय, म्हणतंय."

अण्णांनी चष्मा वर केला. त्या चौकोनाकडे बघितलं. मग अगदी सरळ चेहऱ्यानं विचारलं, "मशीनची का माझी?"

मी हसले. हसायला नको होतं, पण हसले.

*

आता मेहबूबभाईंचा.

विकतवाल्यात मराठी लिहिलं, की शब्दांखाली लाल नागमोडी रेघा उठायच्या. 'मोहोळ' लिहा, लाल. 'माळशिरस' लिहा, लाल. धाकट्या साहेबांचं आडनावसुद्धा लाल! मेहबूबभाईंचं जावक-पत्र म्हणजे नुसतं लाल रान.

एके दिवशी ते फुकटवाल्यावर बसले. पानभर लिहिलं. एकही रेघ नाही. खुर्ची मागं सारून ते उभेच राहिले.

"मॅडम, देखो! इसमें गलतीच नै होती!"

त्यात मराठीचा शब्दकोश टाकायचा राहिलाय, त्यामुळं त्याला चूक-बरोबर काही कळतच नाही, हे मला माहीत होतं. पण माणूस आयुष्यात पहिल्यांदा बिनचूक ठरला होता. मी रिपोर्टात 'फायदे' या मथळ्याखाली लिहून टाकलं, 'कर्मचाऱ्यांचा आत्मविश्वास वाढतो.'

*

थोरल्या साहेबांचा एक सांगायलाच हवा, तो तेवढा जुना.

ते पत्र तोंडी सांगायचे. खुर्ची खिडकीकडे वळवून, आमच्याकडे पाठ करून. अण्णा समोर बसून टाइप करायचे. चार वाक्यं झाली की साहेब थांबायचे. कडुलिंबाकडे बघत बसायचे. मग हळू आवाजात काहीबाही पुटपुटायचे, झाडाशी बोलल्यासारखं. दहा मिनिटं, कधी वीस. दुपारचं ऊन टेबलावरून सरकत जमिनीवर यायचं. मला बाजूच्या खोलीतून ते सगळं दिसायचं, आणि खरं सांगते, डोळे जड व्हायचे.

अण्णा मात्र हात थांबवायचे नाहीत. अंगठा स्पेसवर. टप... टप... टप.

टाइपरायटर होता तोवर ठीक होतं. ओळ संपली की घंटी वाजायची, साहेब दचकून विचारायचे, "कुठवर आलो?" कॉम्प्युटरला कुठली घंटी? स्पेस पडत राहायच्या.

एकदा असंच एक परिपत्रक आमच्या माळशिरसच्या शाळेत गेलं. चार ओळी मजकूर, मग अर्धं पान कोरं, मग 'आपला विश्वासू'. तिसऱ्या दिवशी हेडमास्तरांचा फोन. "साहेब, मधल्या जागेत काय भरायचं ते कळलं न्हाय. तूर्त शाळेचा शिक्का मारून पाठवलंय!"

नंतर एकदा मी अण्णांना विचारलं, "ते पुटपुटायचे काय हो?"

"लई काय काय बोलायचे."

"मग तुम्ही टाइप नाही केलंत?"

"ते टायपायचं नसायचं मॅडम," अण्णा म्हणाले. "त्याला स्पेस."

*

तिसऱ्या आठवड्यात अण्णांनी टाइप केलेलं एक परिपत्रक मी पेनड्राइव्हवर घेतलं आणि नव्या मशीनवर, फुकटवाल्यात उघडलं. मराठी गायब! नुसती इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, अवतरणचिन्हं. गिचमिड. जुना फॉन्ट नसला की असंच होतं.

मेहबूबभाई वाकून बघत होते. एका जागी बोट ठेवून म्हणाले, "मॅडम, इदर डीजे का लिक्खा हय. गॅदरिंग हय क्या?"

बघते तर खरंच. डी, जे, के.

अण्णा उठून आले. स्क्रीन बघितली, डोळे बारीक केले आणि बोटं टेबलाच्या लाकडावर ठेवली. एकेक अक्षर बघायचे आणि ते जिथं असतं तिथं बोट आपटायचे. टक, टक, टक.

"डी वर क. जे वर र. के म्हणजे काना," ते म्हणाले. "करा."

"क्या करा?"

अण्णांची बोटं टेबलावर पळायला लागली. "'...मुलांची हजेरी दररोज अकरापर्यंत पूर्ण करा. विलंब झाल्यास...'" सगळं परिपत्रक वाचून दाखवलं! मी जुन्या मशीनवर जाऊन ताडून बघितलं. एका काना-मात्रेचा फरक नाही. आणखी दोन फायली उघडल्या, त्याही तशाच. डोळ्यांना जे कळत नव्हतं ते त्यांच्या बोटांना पाठ होतं.

त्याच अण्णांना नवा कीबोर्ड मात्र येईना. त्यात क काढायला के दाबायचा. पण त्यांच्या बोटांच्या लेखी के म्हणजे काना! चाळीस वर्षांचा काना, तो कसा पुसायचा? स्वतःचं नाव लिहायला त्यांना सकाळचे साडेअकरा वाजले. मग हात मांडीवर ठेवून खिडकीबाहेर बघत बसले. म्हणाले, "सूत कसलं हाय ते बोटाला कळतं मॅडम. हितं बोट आंधळं झालंय."

मला फार वाईट वाटलं. कारण माझा रिपोर्ट जवळपास तयार होता, आणि खोटं काय लिहिणार? फुकटवालं चांगलंच होतं. तक्ते नीट येत होते, प्रिंट नीट येत होती. मध्येच लाइट गेली तरी कागद जसाच्या तसा परत आणून द्यायचं. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा त्यानं स्वतःहून विचारलं होतं, बंद पडण्याआधीचं परत आणू का? मी ते वाचून दाखवल्यावर अण्णा म्हणाले होते, "थोरल्या साहेबांना आनतंय का इचारा."

*

महिन्याचा शेवटचा शनिवार. दुपारी तीनच्या सुमाराला धाकटे साहेब आले आणि नव्या मशीनपाशी बसले. रिपोर्ट माझ्या हातात. शेवटचं वाक्य लिहिलेलं होतं, 'सबब, फुकटवाले स्वीकारावे.' तो कागद पुढं करायला माझा हात उचलेना.

साहेब म्हणाले, "जुन्या फायली यात उघडतात का ते बघू आधी." आणि पेनड्राइव्हवरच्या 'जुने' नावाच्या फोल्डरमधली पहिलीच फाइल त्यांनी उघडली. चार ओळी गिचमिड. मग अर्धं पान कोरं. मग एक ओळ गिचमिड.

"हे कुणाचं?"

अण्णा उठून साहेबांच्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले. त्या कोऱ्या जागेकडे बघून म्हणाले, "थोरल्या साहेबांनी सांगितलेलं हाय."

"बाबांनी? काय आहे यात?"

अण्णांनी बोटं टेबलावर ठेवली. टक, टक. नेहमीसारखी पळाली नाहीत. एकेक ओळीला वेळ लागत होता.

"'चिरंजीव बाळास आशीर्वाद. शाळांचा पसारा आता माझ्याच्यानं आवरत नाही. तू ये, असं मी म्हणणार नाही. तुझं तिकडं चांगलं चाललंय. खिडकीतला कडुलिंब तोडा म्हणून दोनदा माणसं आली, मी तोडू दिला नाही. तू त्याच्यावरून पडला होतास, तेव्हा तुला उचलायला मी खाली पळालो नाही. मीटिंग चालू होती.'"

साहेबांचा हात माउसवर होता, तो तसाच राहिला. मेहबूबभाई शिक्का मारायचे थांबले.

अण्णांचा अंगठा मात्र टेबलावर पडत होता. टप... टप... टप. गल्लीतले माग चालू होते. त्या दोन आवाजांत किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. कडुलिंबाची सावली स्क्रीनवर आली आणि गेली.

"पुढं?" साहेबांनी विचारलं.

"पुढं थांबले व्हते. लई वेळ."

"आणि ही खालची ओळ?"

अण्णांनी ती बोटांनी वाजवली नाही. नुसतंच म्हणाले, "'तुझा, बाबा.'"

साहेब उठले. खिडकीपाशी गेले, आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. थेट थोरल्या साहेबांसारखे. मग वळले. "मॅडम, तो रिपोर्ट राहू द्या. दोन्ही ठेवू. अण्णांच्या मुदतवाढीचं पत्र सोमवारी माझ्यासमोर ठेवा." दारापर्यंत जाऊन परत आले. "आणि या पत्राची मराठीत एक प्रिंट काढून ठेवा. मला हवीय."

ते जिना उतरून गेले. मी डोळे पुसले आणि जुन्या मशीनवर जाऊन तीच फाइल विकतवाल्यात उघडली. मधोमधचा चौकोन बंद केला. स्वच्छ, सुंदर मराठी.

'विषय : शाळा क्रमांक दोनकरिता बादल्या दोन व मग एक खरेदीबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, जुन्या बादल्या गळत असल्याने नवीन खरेदी करा.'

मग अर्धं पान कोरं. मग 'आपला विश्वासू'.

मी मान वर केली. अण्णा आपल्या कीबोर्डवर कापड घालत होते. चारही कोपरे नीट ओढून घेतले, वरून हात फिरवला.

"अण्णा," मी म्हटलं, "यात तर..."

"तितं नगा बघू मॅडम," अण्णा म्हणाले. "फुकटवाल्यात उघडा. त्यात नीट वाचायला येतंय."

प्रिंट मी फुकटवाल्यातूनच काढली, गिचमिडच. वाचून दाखवायला अण्णा होतेच.