बिननावाची जागा

आमच्या डॉक्टरबाईंच्या तपासणीच्या खोलीला दार नाही, पडदा आहे. आतलं सगळं बाहेरच्या बाकावर ऐकू येतं. "पाच वर्षांची आहे, पण सगळ्या राज्यांच्या राजधान्या पाठ आहेत," एक वडील मुलीचं कौतुक सांगत होते.

"कुठं दुखतंय, बाळा?" बाईंनी मुलीला विचारलं.

"शेम शेमला."

"त्याला नाव असतं गं. आईनं नाही सांगितलं?"

"मॅडम, तिच्यासमोर नको," आई कुजबुजली.

आपण बोळाच्या तोंडालाही कुणाच्या तरी नावाची पाटी लावतो, वर फीत कापतो. मुलीच्या अंगावरची एवढीशी जागा मात्र बिननावाची ठेवतो. तिथं दुखलं तर पत्ता तिनंच सांगायचा.

बाईंनी नाव सांगितलं. मुलीनं ते राजधानीसारखं खणखणीत म्हणून दाखवलं, दोनदा. बाहेर बाकावरचे आम्ही सगळे पंख्याकडे पाहू लागलो.